घरपट्टी का वाढली, रस्ता का नाही झाला? उत्तर शोधायला मंत्रालयापासून सुरुवात करा

एप्रिल-मे आला की आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दरवर्षी तेच. कोणीतरी घरपट्टीच्या बिलाचा फोटो टाकतं, खाली चार रागावलेले चेहरे, मग "एवढा टॅक्स घेतात आणि खड्डे बघा", मग नगरसेवकाचा उद्धार, आणि तेवढ्यात कोणाच्या तरी नातवाचा वाढदिवस निघतो की विषय संपला. मी सोसायटीचा खजिनदार, त्यामुळे हे बिल खरंच वाचायची पाळी माझ्यावर आली. वाचता वाचता कळलं की ज्याच्या नावाने आपण बोटं मोडतोय त्याच्या हातात यातलं फार थोडं असतं, बरंचसं वर ठरतं, नगर विकास खात्यात, मंत्रिमंडळाच्या बैठकीत, कधी दिल्लीतसुद्धा. मग ते शोधायचं कसं, तर मी जसं शिकलो तसंच सांगतो, थोडं आडवंतिडवं होईल.

आधी बिल टेबलावर पसरा आणि पेन्सिल घ्या

फोनवर नको, प्रिंट काढा. बिलात एक आकडा नसतो, सात-आठ ओळी असतात. सर्वसाधारण कर, सफाई, अग्निशमन, वृक्ष कर, जललाभ, मलनि:सारण, पथकर, मनपा शिक्षण कर वगैरे, शहराप्रमाणे नावं थोडी बदलतात. त्यात राज्याचा शिक्षण कर नावाची एक ओळ दिसेल आणि दुकान किंवा ऑफिस असेल तर रोजगार हमी करसुद्धा. या दोन्हींवर पेन्सिलने गोल करा. हे पैसे महापालिकेचे नाहीतच. १९६२च्या कायद्याने ती ते राज्यासाठी गोळा करते आणि सरकारजमा करते. म्हणजे वसुलीला दारात येणारा माणूस पालिकेचा, शिव्या पालिकेला, आणि पैसे जातात मुंबईला. आमच्या ग्रुपवर हे सांगितलं तेव्हा तीन जणांनी "खरं का?" विचारलं, बाकीच्यांनी अंगठा दिला.

दुसरी गोष्ट बघायची ती म्हणजे हे सगळे टक्के कशावर लावलेत. जुनी पद्धत भाड्यावरची, म्हणजे घर भाड्याने दिलं तर वर्षाला किती येईल त्यावरून करपात्र मूल्य. मुंबईत २०१०पासून भांडवली मूल्य, म्हणजे घराची किंमत धरतात, आणि ती रेडीरेकनरच्या, म्हणजे जमिनी-घरांच्या सरकारी दरांवरून निघते. रेडीरेकनर कोण जाहीर करतं? राज्याचं नोंदणी व मुद्रांक खातं. तिथे दर पाच वर्षांनी मूल्य सुधारायचं असतं, २०१५ला झालं, २०२०चं कोविडमुळे पुढे ढकललं, आणि ते ढकलायलासुद्धा राज्याला कायद्यात दुरुस्ती करावी लागते, महापालिकेने नुसता ठराव करून भागत नाही. ग्रामपंचायतीतही आता भांडवली मूल्यच आहे. म्हणून बिल वाढलेलं दिसलं की पहिला प्रश्न "कराची टक्केवारी वाढली की ज्यावर टक्के लावतात ते मूल्य वाढलं?" दोन वर्षांची बिलं शेजारी ठेवलीत की दोन मिनिटांत कळतं. टक्केवारी वाढली असेल तर पालिकेला विचारा, मूल्य वाढलं असेल तर गोष्ट लांबची आहे, किंवा सर्व्हेवाल्याने तुमची बाल्कनी खोली म्हणून मोजलीय, तेही होतं.

मग अंदाजपत्रक, पण फक्त जमेची बाजू

महापालिकेचं किंवा नगरपरिषदेचं अंदाजपत्रक वेबसाइटवर पीडीएफमध्ये असतं, नसेल तर लेखा विभागात मागायचं. लोक ते उघडून थेट आपल्या वॉर्डातला रस्ता शोधतात. ते नंतर. आधी जमेची बाजू उघडा आणि तीन रकाने बघा, मागच्या वर्षी प्रत्यक्ष जमा झालेले, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाचा अंदाज. प्रत्यक्षचा रकाना खरा, बाकीची आशा. स्थायी समितीला कामं घुसवायची असली की अंदाज फुगवतात. जमा कागदावर वाढते, म्हणून खर्चही कागदावर वाढवता येतो, आणि ऑक्टोबरनंतर "निधी नाही" असं उत्तर मिळायला लागतं.

या बाजूला एक ओळ हमखास सापडेल, वस्तू व सेवा कर भरपाई किंवा त्याच्यासारखं काहीतरी अनुदान. ही ओळ समजून घेतल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही, म्हणून जरा मागे जाऊ.

पूर्वी शहरांचा मोठा पैसा जकातीचा असायचा. नाक्यावर ट्रक थांबला की पैसे थेट पालिकेच्या गल्ल्यात. नगरपरिषदांची जकात १९९९ला गेली. महापालिकांमध्ये त्याजागी एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर आला, काही ठिकाणी २०१०ला, पुण्या-नागपूरला एप्रिल २०१३ला. व्यापाऱ्यांनी केवढं आंदोलन केलं होतं ते आठवत असेल. मग १ ऑगस्ट २०१५पासून ५० कोटींच्या आत उलाढाल असलेल्यांचा एलबीटी राज्याने माफ केला, आणि १ जुलै २०१७ला जीएसटी आला तेव्हा उरलेला एलबीटीही गेला आणि मुंबईची जकातही. त्याबदल्यात राज्याने कायदा केला की २०१६-१७चं उत्पन्न पाया धरायचं, दरवर्षी त्यात ८ टक्के वाढ करायची आणि ती भरपाई महापालिकांना द्यायची.

वाईट सौदा नव्हता, हे मान्य करायला हवं. मुंबईच्या अंदाजपत्रकात ती ओळ बघा, २०२३-२४ला १२,३४४ कोटी, २०२४-२५ला १३,३३१ कोटी, २०२५-२६ला १४,३९८ कोटी, घड्याळासारखी वाढतेय. आणि त्याच २०२५-२६ला मालमत्ता कराचा अंदाज किती, तर ५,२०० कोटी. म्हणजे देशातल्या सगळ्यात श्रीमंत महापालिकेला लोकांच्या घरपट्टीतून जे मिळतं त्याच्या पावणेतीनपट राज्याकडून येतं. नाक्यावर जे स्वतः वसूल व्हायचं ते आता मंत्रालयातून येणाऱ्या हप्त्यावर आलं, आणि हप्त्यावर जगणाऱ्याला हप्ता देणाऱ्याशी जपून बोलावं लागतं. एवढं असूनही मुंबई महापालिकेचं राज्याकडे वेगवेगळ्या खात्यांतलं हजारो कोटींचं येणं थकलेलं असतं, तेही अंदाजपत्रकाच्या भाषणात लिहितात, शोधा, सापडेल.

तर तुम्ही करायचं एवढंच, आपल्या गावच्या अंदाजपत्रकात राज्याकडून येणारं सगळं एकीकडे मांडा, भरपाई, सहायक अनुदान, स्टॅम्प ड्युटीसोबत घेतल्या जाणाऱ्या १ टक्का अधिभाराचा हिस्सा (हा पण आधी राज्याच्या तिजोरीत जातो मग इकडे येतो), योजनांचे पैसे, आणि दुसरीकडे घरपट्टी, पाणीपट्टी, विकास शुल्क, गाळ्यांची भाडी. दोन बेरजा करा. जेवढं गाव लहान तेवढं पारडं राज्याकडे झुकलेलं दिसेल. माझा मामा एका नगरपरिषदेत वसुली लिपिक होता, त्याचं म्हणणं साधं, "अनुदान आलं की पगार, पगार भागले की लाइटबिल, त्यातून उरलं तर गटार." सहायक अनुदान लांबलं की कर्मचाऱ्यांचे पगार लांबायचे आणि पगार लांबले की कचरागाडी आठवड्यातून दोनदा.

अजून एक गंमत आहे ती तारखांची. महापालिका कायद्याप्रमाणे पुढच्या वर्षाचे कराचे दर २० फेब्रुवारीच्या आत ठरवायचे असतात. राज्याचा अर्थसंकल्प येतो मार्चमध्ये. म्हणजे वरून किती मिळणार ते कळायच्या आधीच खाली दर ठरवून बसायचं, सून माहेरहून काय आणणार ते माहीत नसताना पंगतीची पानं मोजण्यासारखं. मग पालिका करते काय, अनुदानाचा आकडा मागच्यावरून वाढवून धरते. वर्षभरात राज्याने हात आखडता घेतला तर कर मध्येच वाढवता येत नाही, मग वाढतं ते "निधीअभावी प्रलंबित".

माफी जाहीर झाली? पेढे नंतर वाटा

राज्याचा निर्णय दोन रस्त्यांनी येतो. एक पैसे देऊन किंवा न देऊन, आणि दुसरा पालिकेचा कर परस्पर माफ करून. दुसरा रस्ता निवडणुकीच्या आसपास जास्त वापरात असतो. त्यावर राग नाही माझा, मीही त्याचा फायदा घेतलाय, पण बातमी वाचताना तीन गोष्टी बघायच्या: कराच्या कोणत्या ओळीची माफी आहे, कोणत्या तारखेपासून, आणि जे उत्पन्न बुडणार ते कोण भरून देणार.

पहिली गोष्ट का बघायची त्याचं उदाहरण मुंबईचं. ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ, ही घोषणा २०१७च्या निवडणुकीपासूनची. २०१९ला निर्णय झाला तेव्हा फक्त सर्वसाधारण कराची ओळ माफ झाली, बाकीच्या ओळी तशाच, त्यामुळे "माफ झालं म्हणता मग बिल कसलं" म्हणून लोक चक्रावले. पूर्ण माफी आली १ जानेवारी २०२२पासून, चटई क्षेत्र ४६.४५ चौरस मीटरपर्यंतच्या निवासी घरांना. चटई क्षेत्र, म्हणजे भिंतींच्या आतलं बघा हं, बिल्ट-अप नाही, कितीतरी जण इथे फसतात.

पुण्याची गोष्ट अजून मजेदार. स्वतः राहत असलेल्या घराला करपात्र रकमेत ४० टक्के सवलत, १९७०पासून चालत आलेली. लेखापरीक्षणात आक्षेप निघाला, २०१८ला राज्याने ती रद्द केली, २०१९पासून नव्या घरांना मिळेना, आणि बऱ्याच जुन्यांचीही सर्व्हेनंतर गेली. आता हिशोब करा, करपात्र रक्कम ३०,००० असेल तर ४० टक्के वजा करून १८,०००, त्यातून दुरुस्तीचे १० टक्के गेले की १६,२००. सवलत नसेल तर ३०,०००तून नुसते १० टक्के, म्हणजे २७,०००. महापालिकेने कराचा दर एका पैशाने न वाढवता तुमचं बिल दीडपटीच्या पुढे गेलं. २०२३च्या मार्चमध्ये मंत्रिमंडळाने सवलत परत दिली, पण आपोआप नाही, ज्यांची गेली होती त्यांनी पीटी-३ फॉर्म भरायचा, सोबत सोसायटीचं पत्र, मतदार ओळखपत्र, गॅसचं कार्ड असले स्वतः राहत असल्याचे पुरावे. आमच्या एका सभासदाने "सरकारनं दिलीय ना परत" म्हणून फॉर्मच भरला नाही आणि मग वर्षभर मला विचारत होता की माझंच बिल जास्त का. निर्णय मंत्रालयात होतो, पण अर्ज आपल्यालाच वॉर्ड ऑफिसात द्यायचा असतो.

पिंपरी-चिंचवडचा शास्तीकरही तसाच, अनधिकृत बांधकामावरचा दंडवजा कर, वर्षानुवर्षं फुगत गेलेला, २०२३ला राज्याने माफ केला पण आधी मूळ कर भरा या अटीवर. ज्यांनी नियमात राहून बांधलं आणि वेळेवर भरलं त्यांना काय, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला, उत्तर अर्थातच कोणी दिलं नाही.

आणि तिसरी गोष्ट, भरपाई. जकात गेली तेव्हा भरपाई कायद्यात लिहिलेली होती, ८ टक्क्यांसकट. घरपट्टीच्या माफीच्या शासन निर्णयात तसं काही आहे का ते बघा. मग पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात त्या नावाची जमेची ओळ आहे का ते बघा. नसेल तर ते पैसे कुठून तरी निघणारच, दुकानांच्या दरातून, विकास शुल्कातून, ठेवी मोडून, किंवा तुमच्या गल्लीतलं गटार पुढच्या वर्षावर ढकलून.

दिल्लीची अट मध्येच

इथे गोंधळ वाढतो. केंद्राचा पैसा राज्यांना आणि स्थानिक संस्थांना कसा वाटायचा ते सुचवणाऱ्या १५व्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी शहरांच्या अनुदानाला अट घातली की राज्याने घरपट्टीचे किमान दर अधिसूचित करायचे आणि शहरांची घरपट्टी वसुली राज्याच्या सकल उत्पन्नाच्या (जीएसडीपी) वाढीच्या वेगाने वाढली पाहिजे. म्हणजे मुंबईहून सांगणार माफ करा आणि दिल्लीहून सांगणार वसुली वाढवा, मधे मुख्याधिकारी बिचारा दोन्ही पत्रं फाइलला लावून बसणार. शिवाय अनुदान मिळायला निवडून आलेली सभा हवी ही पण अट. २०२२पासून काही वर्षं आपल्याकडे निवडणुका रखडल्या, बहुतेक ठिकाणी प्रशासक होते, त्याचा फटका या पैशांना बसला, झेडपी-पंचायत समित्यांना तर चांगलाच. निवडणूक लांबली तर आपलं काय जातं असं वाटतं ना, हे जातं.

गावाकडचे असाल तर सोपं आहे, ई-ग्राम स्वराज ॲपवर आपली ग्रामपंचायत निवडली की वित्त आयोगाचे किती आले आणि कशावर गेले ते दिसतं. त्यातला मोठा भाग बंधित असतो, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करायचा. सरपंच म्हणाले "पैसे आहेत पण रस्त्याला वापरता येत नाहीत" तर ते खोटं बोलत असतीलच असं नाही.

सेवा कुठे कापली जाते ते कसं ओळखायचं

आता खर्चाची बाजू. पगार-पेन्शन, वीजबिल, कर्जाचे हप्ते, यांना हात लावता येत नाही. म्हणून पैसे कमी पडले की कात्री लागते देखभालीला, खड्डे, दिवे, औषधफवारणी, शाळेची डागडुजी. या ओळींचा मागच्या वर्षीचा अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च शेजारी लिहा, फरक मोठा असेल तर काय झालं ते समजलं.

मोठ्या योजनांमध्ये शब्द शोधायचा "स्वहिस्सा". केंद्र-राज्याने योजना मंजूर केली की पेपरात पूर्ण आकडा येतो, पण त्यात पालिकेने स्वतः घालायचा वाटा असतो. छत्रपती संभाजीनगरचं घ्या, जिथे नळाला कित्येक दिवसांनी पाणी येतं. पाण्याची योजना २०१९ला १,६८० कोटींची, वाढत वाढत २,७४० कोटी झाली, त्यात महापालिकेचा वाटा ३० टक्के, म्हणजे ८२२ कोटी. दरम्यान २०२२ला तिथली पाणीपट्टी ४,०५० वरून २,०२५ केली, निम्मी. लोकांचं चुकलं नाही, पाणीच येत नसेल तर पैसे कसले. पण ८२२ कोटी महापालिकेकडे नव्हतेच, शेवटी ते राज्याकडून कर्ज म्हणून घ्यायची वेळ आली. आता हे कर्ज कोणत्या ओळीतून फिटणार, हा प्रश्न तिथल्या माणसाने पुढच्या दर अंदाजपत्रकाला विचारायचा.

मग करायचं काय

शासन निर्णयांची सरकारी वेबसाइट आहे, तिथे शहरवाल्यांनी नगर विकास विभाग आणि गाववाल्यांनी ग्रामविकास विभाग निवडायचा, महिन्यातून एकदा पुरे. बातमीपेक्षा जीआर वाचा, शेवटच्या पानावर "खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली" (सरकारी हिशोबातल्या कोणत्या खात्यातून) असतं तिथे खरी गोष्ट कळते.

नगरपरिषद असेल तर दर चार वर्षांनी चतुर्थ वार्षिक कर आकारणीची नोटीस येते. तिच्यात हरकतीची मुदत असते, ती चुकवू नका, सुनावणीला स्वतः जा, क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार, वापर हे तीन रकाने तपासा. वरून स्थगिती आली तर नाचू नका, स्थगिती म्हणजे रद्द नव्हे, उठली की फरकासकट मागणी येऊ शकते. तेव्हा जुन्या दराने भरून पावती जपून ठेवा, नाहीतर थकबाकीवर महिन्याला २ टक्के शास्ती बसते.

आणि माहिती अधिकार, १० रुपयांचा अर्ज, ३० दिवस. "विकास का होत नाही" असलं विचारू नका, त्याला उत्तर नसतं. असं विचारा: "गेल्या तीन आर्थिक वर्षांत राज्य शासनाकडून मिळालेल्या प्रत्येक अनुदानाचे नाव, मंजूर रक्कम, प्रत्यक्ष जमा रक्कम व जमा झाल्याचा दिनांक द्यावा." दिनांक शब्द विसरू नका, सगळी मेख तिथेच असते. मी आमच्या मूळ गावी हा अर्ज टाकला होता. उत्तर २८व्या दिवशी आलं, दीड पान, त्यात एका अनुदानापुढे तारीख होती २९ मार्च. मी दुसरा अर्ज टाकलाय, २९ मार्चला आलेले पैसे ३१ मार्चच्या आत नक्की कोणत्या कामावर खर्च दाखवलेत ते विचारलंय. अजून ११ दिवस आहेत.